न बसणारी गाडी: भाचीच्या एटीव्हीचं सस्पेन्शन मऊ करताना

"मामा, गाडी लई उडती. हाताला मुंग्या येतेत."

भाचीची तक्रार एवढीच. ती दहा वर्षांची, वजन 27 किलो. गाडी म्हणजे 110 सीसीची लहान एटीव्ही, मातीत चालवायची चारचाकी, हँडलवाली, फुगीर टायरांची, दाजींनी दसऱ्याला ओळखीतून जुनी घेतलेली. अंबड तालुक्यात त्यांची मोसंबीची बाग आहे. मी गेलो तेव्हा डिसेंबर होता, आंबे बहारासाठी बागेला ताण दिलेला, ठिबक बंद. अशा दिवसांत काळी जमीन वाळून विटेसारखी होते. झाडांच्या दोन ओळींत 6 मीटर जागा, त्यात वखरानं वर काढलेली ढेकळं, आणि बागेबाहेर कालव्याच्या कडेनं मुरमाची वाट. पोरीला गाडी चालवायला एवढ्याच दोन जागा, आणि दोन्हीकडं गाडी तिला सीटवरून उडवायची.

दाजी वेगळ्याच त्रासात होते. "पाहुणे, एवढे पैसे घातले अन् लेकरू बसंना तिच्यावर. आता तुम्हीच बघा काय ते."

मी वाळूजला एका लहान स्प्रिंग कारखान्यात कामाला आहे. 1985 साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग करणारी शेडं उभी राहिली, त्यातलंच आमचं एक. स्प्रिंग किती कडक भरली हे मोजण्यात माझा दिवस जातो, म्हणून पाहुण्यारावळ्यांत मी 'शॉकअपवाला'. पण कारखान्यात ड्रॉइंग समोर असतं आणि गिऱ्हाइकानं आकडा दिलेला असतो. इथं ड्रॉइंग नव्हतं, आकडा नव्हता आणि गिऱ्हाईक चौथीत होतं.

मी पोचायच्या आधी गाडीवर तीन उपाय होऊन गेले होते. पहिला दाजींचा: पुढच्या दोन्ही शॉकअपची कॉलर, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी खाचांची कडी, फिरवून सगळ्यात खालच्या खाचेत आणलेली. दुसराही दाजींचाच: बागेच्या कडेला वेडी बाभूळ माजलेली आहे, हवा भरपूर असली की काटा कमी लागतो अशा समजुतीनं पंक्चरच्या दुकानातून चारही टायरांत 22 पीएसआय हवा. तिसरा उपाय एका गॅरेजवाल्याचा. "दोन वेढे काढले की मऊ," म्हणत त्यानं पुढच्या डाव्या स्प्रिंगचे दोन वेढे ग्राइंडरनं उडवले. गाडी डावीकडं झुकली, उजवीकडं हात घालायच्या आत दाजी गाडी घेऊन निघाले. म्हणून उजवी स्प्रिंग शाबूत राहिली, आणि पुढचं सगळं गणित मला त्या एका स्प्रिंगवर करता आलं.

वेढे कापायचा उपाय इतका सर्रास होतो की त्याचं आधी सांगतो. स्प्रिंग दाबली जाते तेव्हा तिची तार पिळली जाते. तो पीळ सगळे वेढे वाटून घेतात. वेढे कमी केले की प्रत्येकाच्या वाट्याला जास्त पीळ येतो, म्हणजे तेवढंच दाबायला जास्त जोर लागतो. या स्प्रिंगचे काम करणारे वेढे 9 होते. ती 1 मिमी दाबायला साधारण 3.6 किलो लागायचे. दोन कापल्यावर उरले 7, म्हणजे 4.6 किलो. स्प्रिंग पाव हिश्शानं कडक झाली. मग कापल्यावर गाडी मऊ का वाटते? कारण स्प्रिंग आखूड होऊन शॉकअपवर सैल खुळखुळते. चाक वरच्या बाजूला फुकटचं हलतं, त्याला मऊपणा समजतात, आणि खाली चाल उरत नाही म्हणून जरा मोठ्या दगडाला शॉकअप तळाला आपटतो. भाचीला विचारलं तर म्हणाली, "डावीकडून ठक ठक वाजतं." तिनं अचूक सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी मी एकही पाना उचलला नाही. दाजींचा मोसंबी मोजायचा प्लॅटफॉर्म काटा शेडमध्ये होता, तो बाहेर सपाट फरशीवर काढला. एक चाक काट्यावर, बाकीच्या तीन चाकांखाली काट्याच्या उंचीइतक्या विटा आणि फळ्या, म्हणजे गाडी तिरकी होऊन आकडे खोटे येत नाहीत. असं चारही चाकांचं आळीपाळीनं. डावीकडची स्प्रिंग कापलेली असल्यानं पुढचं डावं चाक कमी दाखवत होतं, म्हणून मी पुढच्या जोडीची आणि मागच्या जोडीची बेरीजच धरली. मोकळी गाडी पेट्रोलसकट 92 किलो: पुढं 42, मागं 50. मग भाचीला हेल्मेट आणि बूट घालून बसवलं. पुढं 50, मागं 70. म्हणजे पोरीचं हेल्मेटसकटचं 28 किलो वजन पुढच्या चाकांवर जेमतेम 8 आणि मागं 20 असं पडत होतं.

दाजी बाजूला उभे होते. "दाजी, तुम्ही बसता का कधी हिच्यावर?" "बसतो की. कालव्यापर्यंत मोटर बघायला जातो कधीमधी. मला तर काई उडत नाही."

तिथंच निम्मं कळलं. दाजी 75 किलोचे. बनवणाऱ्यानं ही गाडी लहान मुलांची म्हणून विकली तरी स्प्रिंग घालताना मोठं माणूस बसणार हे धरलेलं असतं, आणि ते बरोबरही आहे, कारण मोठं माणूस बसतंच. स्प्रिंग तळाला आपटून काही तुटलं तर बोल बनवणाऱ्याला. गाडी उडते म्हणून कुणी त्याच्याकडं जात नाही, लोक माझ्याकडं येतात.

आता गाडी किती बसते ते मोजायचं होतं. आमच्याकडं याला सॅग म्हणतात. स्वार बसला की गाडी स्वतःहून थोडी खाली बसली पाहिजे, चाकाच्या एकूण चालीच्या साधारण पाव हिश्शाएवढी, फार तर 30 टक्के. ती बसली तरच खड्डा आल्यावर चाकाला खाली जायला जागा असते. नाहीतर खड्ड्यात चाक न जाता गाडीच पडते. मोजायची पद्धत सोपी आहे. चाक हवेत लोंबकळत असताना अ‍ॅक्सलच्या मध्यापासून वर मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत टेपनं अंतर घ्यायचं. मग स्वार बसवून तेच अंतर पुन्हा. फरक म्हणजे सॅग. फक्त दुसरं माप दोनदा घ्यायचं: एकदा गाडी हातानं खाली दाबून हळूच सोडल्यावर, एकदा वर उचलून हळूच टेकवल्यावर. दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. जेवढा फरक, तेवढी गाडी कुठंतरी अडकतेय.

पुढच्या उजव्या चाकाची एकूण चाल 80 मिमी होती. दाबून सोडल्यावर सॅग 9 मिमी. उचलून टेकवल्यावर शून्य. भाची बसलेली असूनही गाडी जिथं उचलली तिथंच राहिली. म्हणजे अडकण ही सॅगपेक्षा मोठी. मागं तर दोन्ही वेळा शून्य. मागचा शॉकअप पोरीच्या वजनानं हललाच नव्हता.

उजवा शॉकअप काढला आणि आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा लोखंडी हात, वर उचलून सोडला. चाकासकट आर्म धपकन खाली पडायला हवा. तो जिथं सोडला तिथंच लटकून राहिला. भाचीला गंमत वाटली, तिनं तो चार वेगवेगळ्या उंचीवर ठेवून दाखवला, कपाटाच्या दारासारखा. बोल्ट काढल्यावर आत काळ्या मातीची आणि जुन्या ग्रीसची अशी खळ झाली होती की बोटानं खरवडावी लागली. त्याहून मोठा दोष बोल्टाच्या कसण्यात होता. आर्मच्या सांध्यात प्लास्टिकची बुश असते, तिच्या आत लोखंडी नळी असते, ती बुशपेक्षा नखभर लांब हवी, म्हणजे बोल्ट कितीही कसला तरी नळीच दाबली जाते आणि बुश मोकळी फिरते. इथं नळ्या आखूड होत्या, त्यामुळं बोल्ट कसला की ब्रॅकेटचे दोन्ही कान बुशलाच चिमटीत धरायचे. बुशची दोन्ही तोंडं काचपेपरवर घासून अर्धा अर्धा मिमी कमी केली, डिझेलनं धुतलं, नवीन ग्रीस भरलं. चार आर्म, आठ बुश, मागच्या चिमट्याच्या, म्हणजे मागची चाकं धरणाऱ्या आर्मच्या, दोन वेगळ्या. यात दुपार गेली. ताईनं दोनदा जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा स्वतःच शेडमध्ये आली, आमचे हात बघितले आणि काही न बोलता परत गेली.

शॉकअप परत बसवून पुन्हा माप घेतलं: 6 आणि 3. म्हणजे 9 मिमीची अडकण 3 वर आली. सरासरी मात्र तीच, साडेचार मिमी. मऊ काहीच झालं नव्हतं, पण आता जे मोजत होतो ते स्प्रिंगचं होतं, चिखलाचं नव्हतं.

मग हवा. अशा फुगीर टायरांत साधारण 3 ते 5 पीएसआय हवा असते. मोटरसायकलच्या सवयीनं हा आकडा कुणाला खरा वाटत नाही, आणि पंक्चरच्या दुकानातला काटा एवढ्या कमी दाबाला हलतही नाही. माझ्याकडं त्या दिवशी कमी दाबाचा गेज नव्हता. म्हणून शेडच्या दारात पाणी ओतून चिखल केला, त्यातून गाडी ढकलली आणि पुढं अंथरलेल्या कोऱ्या पोत्यावरून नेली. 22 पीएसआयला पोत्यावर टायरच्या मधल्या दोनच ओळींचे ठसे उठले, तीन बोटं रुंद. टायर वाटीसारखा फुगून मधल्या पट्ट्यावरच उभा होता. थोडी हवा सोड, पुन्हा ढकल, असं पाच वेळा केलं. कडेच्या ठोकळ्यांचे ठसे जेमतेम उठायला लागले तिथं थांबलो. नंतर 10 पीएसआयपर्यंतचा गेज मागवला, तेव्हा ते 4 च्या आसपास निघालं. याहून खाली गेलो नाही, वळणात टायरची कड रिमवरून सुटायची भीती असते.

भाचीनं एक चक्कर मारली आणि परत आल्यावर पहिलं वाक्य, "मुंग्या गेल्या." दाजींना हे पटायला वेळ लागला. बाभळीचा मुद्दा त्यांनी सोडला नाही, आणि माझ्याकडं त्याला चोख उत्तरही नव्हतं. शेवटी टायरांत पंक्चर भरून काढणारं पातळ द्रव्य घातलं आणि विषय मिटवला. हवेच्या या बदलाला पैसा लागला नाही आणि हँडलवरचे बारीक ठोके त्यानंच गेले, हे इथं मुद्दाम नोंदवतो, कारण पुढं मी जे स्प्रिंगचं लांबलचक पुराण लावणार आहे त्यात ते झाकलं जाईल.

बारीक ठोके गेले. पण ढेकळांवर गाडी अजून उडत होतीच.

चाचणीसाठी दाजींच्या भंगारातून ठिबकच्या मेन लाईनचे 63 मिमीचे जुने पीव्हीसी पाईप काढले. मुरमाच्या वाटेवर दीड दीड मीटरवर पाच तुकडे आडवे टाकले आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी खुंट्या ठोकल्या. भाचीनं सायकलच्या वेगानं त्यावरून जायचं आणि मी बाजूला पालथं पडून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग घ्यायचं. पहिल्या शूटिंगमध्ये प्रत्येक पाईपनंतर पुढचं चाक जमिनीवरून सुटलेलं, टायरखालून पलीकडची झाडं दिसतायत. शॉकअप मात्र जसाच्या तसा उभा.

असं का होतं ते चाकाजवळच्या आकड्यांवरून दिसतं. शॉकअप आर्मच्या मध्ये कुठंतरी बसवलेला असतो, त्यामुळं चाक जेवढं उचलतं तेवढा तो दाबला जात नाही. स्प्रिंग काढून चाक 30 मिमी उचललं तर शॉकअप 18 मिमी आत गेला, म्हणजे प्रमाण 0.6. आणि हे प्रमाण दोनदा लागतं: एकदा चाल कमी होते म्हणून, एकदा तरफेमुळं जोर कमी पोचतो म्हणून. 0.6 चा वर्ग 0.36. म्हणून 3.6 किलोची स्प्रिंग चाकाशी 1 मिमीला 1.3 किलोची होते. आता पोर बसल्यावर पुढच्या एका चाकावर 25 किलो, त्यातून चाक, हब आणि अर्धा आर्म यांचं 6 किलो वजा, स्प्रिंगवर येणारं खरं वजन 19 किलो. सगळ्यात खालच्या खाचेतही स्प्रिंग 6 मिमी दाबून बसवलेली होती, त्यामुळं चाकाशी 13 किलो येईपर्यंत ती हलणारच नाही. उरलेल्या 6 किलोंनी ती बसणार साडेचार मिमी. टेपनं जे दाखवलं तेच. आणि अशा चाकाला 40 मिमीच्या ढेकळावरून गाडी न उचलता जायचं तर आणखी 52 किलोंचा जोर हवा. वर बसलेलं वजन 19. मग चाक वर जाण्याऐवजी गाडी वर जाते, आणि गाडीवरची पोर तिच्याहून वर.

दाजींनी कॉलर फिरवली त्यानं का भागलं नाही याचं उत्तरही यातच आहे. कॉलर फिरवून स्प्रिंग मऊ होत नाही. ती किती वजन आल्यावर हलायला लागेल, एवढंच बदलतं. हलल्यावर दर मिलिमीटरला लागणारा जोर तोच. मागच्या शॉकअपला त्यांनी हात लावला नव्हता, कारण कॉलर गंजून धरली होती. रात्रभर डिझेल लावून ठेवलं आणि सकाळी हुकपान्यानं ती सुटली. 8 मिमीचा दाब 3 वर आणल्यावर मागं सॅग शून्यावरून 13 मिमी झाला. फुकटात मिळालं तेवढं घेतलं, पण मागच्या चाकांची चाल 100 मिमी, तिथं 25 ते 30 हवे होते.

एक मार्ग दाजींनीच सुचवला आणि तो अगदीच चुकीचा नव्हता: आर्मवरचा शॉकअपचा कान कापून आतल्या बाजूला सरकवून वेल्ड करायचा. 0.6 चं प्रमाण 0.5 झालं असतं तर तीच स्प्रिंग चाकाशी 30 टक्क्यांनी मऊ झाली असती. नवीन स्प्रिंग नको, काही नको. पण मग चाकाची चाल वाढून टायर मडगार्डला घासतो, आर्म आणि चाक जोडणारा बॉल जॉइंट त्याच्या कोनाबाहेर जातो, आणि लेकराच्या गाडीच्या आर्मवर गावातल्या वेल्डिंगचा टाका मला नको होता. शेवटच्या कारणावर चर्चा झाली नाही. ताई म्हणाली, "नको म्हणजे नको."

पुढची उजवी आणि मागची, अशा दोन्ही स्प्रिंगा पिशवीत घालून वाळूजला आलो.

स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. वेढ्यांचा व्यास वाढला तर त्याच्या घनानं कमी होतो, आणि वेढे वाढले तर त्याच प्रमाणात कमी. व्यास बदलायला जागा नसते, स्प्रिंग शॉकअपच्या बशीत बसली पाहिजे. वेढे वाढवले तर पूर्ण दाबल्यावर ते एकमेकांवर लवकर टेकतात. राहिली तार. पुढची मूळ तार 7 मिमी. 6 मिमीची घेतली, आतला व्यास 35 तोच ठेवला, काम करणारे वेढे 9 तेवढेच. एक मिलिमीटर तार बारीक केली तर 3.6 चे झाले 2.1 किलो. चाकाशी 0.76. मोकळी लांबी 187 मिमी धरली, म्हणजे खालच्या खाचेत 3 मिमीच दाब राहतो आणि पोर बसल्यावर सॅग 20 येतो. मोठ्या दगडावर तळाला आपटेल का, तेही पाहिलं: पूर्ण दाबल्यावर चाकाशी 64 किलो, बसलेल्या वजनाच्या तिपटीहून जास्त. एवढं पुरतं, पोर उड्या मारत नाही.

मागची तार 11 मिमी होती, ती 9 केली. 1 मिमीला 14.8 किलोंची स्प्रिंग 7.4 वर आली, बरोबर निम्मी. मागचा शॉकअप चिमट्यावर बराच पुढं असल्यानं तिथलं प्रमाण 0.4. चाकांशी 1.18 किलो, 5 मिमी दाब ठेवून सॅग 28.

कॉइलिंगवाल्या सहकाऱ्यानं जेवणाच्या सुट्टीत तिन्ही गुंडाळून दिल्या. गुंडाळलेली स्प्रिंग तशीच लावायची नसते. तारेत गुंडाळण्याचा ताण राहिलेला असतो, म्हणून सुमारे 250 अंशांवर अर्धा तास भट्टीत. मग प्रेसखाली चार-पाच वेळा वेढे एकमेकांना टेकेपर्यंत दाबायची. यात ती दोन-चार मिमी आखूड होते आणि मग तिथंच राहते. हे कारखान्यात करून टाकलं नाही तर तेच काम पुढं दगड करतात, आणि गाडी महिनाभरात खाली येते. आम्ही गुंडाळतानाच तेवढं वाढवून घेतलं होतं. मोजल्यावर पुढच्या दोघी 187 आणि 186.5 निघाल्या.

पंधरा दिवसांनी बसवल्या. सॅग पुढं 21 आणि 18, मागं 29 आणि 25. कागद आणि टेप इतके जुळल्यावर माणूस जरा फुगतो. मी भाचीला म्हटलं, जा, पाईपांवरून ने.

पहिला पाईप सुरेख गेला. चाक वर, गाडी जागेवर. दुसऱ्याला पुढचं टोक झुलायला लागलं, तिसऱ्याला झोका वाढला, पाचव्यानंतर सपाट वाटेवरही गाडी घोड्यासारखी पुढून डुलत राहिली. भाची खिदळत होती. "मामा, आता झुला झाला!" मला हसू येत नव्हतं. झोक्यात पुढची चाकं हलकी होतात तेव्हा हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाते.

चूक माझी होती, आणि ती मला पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती. स्प्रिंग काढलेला पुढचा शॉकअप त्या दिवशी हातात होता. दांडी हातानं आत ढकलली असती तर ती वायसर गेलेल्या सायकलच्या पंपासारखी बिनविरोध आतबाहेर झाली असती. आत तेल नव्हतंच. गळून गेलं असंही नाही, ते शॉकअप तेलाविनाच बनवलेले, नुसती दांडी, नळी आणि ग्रीस. स्वस्तातल्या लहान गाड्यांत असे शॉकअप पुढं असतात. स्प्रिंग ताकद साठवते आणि परत देते. ती परत देताना मधली मधे जिरवायचं काम तेलाचं. आधी गाडी उडायची पण झुलत नव्हती, कारण स्प्रिंग हलतच नव्हती आणि जे काही हलायचं ते चिखलानं धरलेल्या बुशमध्ये जिरायचं. मी बुश मोकळ्या केल्या, स्प्रिंग मऊ केली, आणि झोका जिरवायला काहीच शिल्लक ठेवलं नाही. दिवसभर स्प्रिंगमध्ये डोकं घातलेल्या माणसाला तेल दिसत नाही, दुसरं काय.

गाडी बंद करून ठेवली. त्या दिवशी भाची माझ्याशी बोलली नाही.

त्याच मापाचे, म्हणजे कानापासून कानापर्यंत 250 मिमीचे आणि 10 मिमी बोल्टाचे तेलाचे शॉकअप ऑनलाइन मिळाले. जोडी तीन हजारांच्या आत. त्यांच्यावरच्या स्प्रिंगा आमच्या जुन्यांसारख्याच कडक होत्या. त्या काढून माझ्या घातल्या. स्प्रिंग काढताना तिला दोन्ही बाजूंनी स्प्रिंग दाबायच्या कॉम्प्रेसरच्या पकडीत धरूनच काढायची, दोरीनं बांधून नाही आणि तोंडासमोर धरून तर मुळीच नाही. मग पुढून गाडी दाबून सोडली: वर आली, केसभर पुढं गेली, थांबली. एवढंच हवं असतं.

गाडी पुढून आता 15 मिमी खाली बसत असल्यानं चाकांची दिशाही बदलली होती. दोरी लावून पाहिली तर चाकं पुढच्या बाजूला 5 मिमी फाकलेली निघाली. हँडलकडून चाकांना वळवणारे टाय रॉड फिरवून ती पुढं 3 मिमी आत आणली. ही मोजणी भाचीला सीटवर बसवून केली. मोकळ्या गाडीवर केली असती तर तिचा उपयोग नव्हता.

पाईपांवरचं शेवटचं शूटिंग पहिल्याच्या शेजारी लावून पाहिलं. पहिल्यात हेल्मेट प्रत्येक पाईपला वर जातं आणि चाक त्याच्यामागं. शेवटच्यात चाक वर जाऊन आर्म मडगार्डपर्यंत येतो, टायर पाईपला चिकटून पलीकडं उतरतो, आणि हेल्मेट मागच्या बांधाच्या रेषेत जवळपास सरळ चालतं. पाचव्या पाईपनंतर मागचं टोक मात्र थोडं खाली राहतं. मागचा शॉकअप तेलाचाच होता, पण त्याचं तेल 14.8 च्या स्प्रिंगला आवरायला भरलेलं. 7.4 ची स्प्रिंग त्याला ढकलून वर यायला वेळ लावते, ती पुरती वर यायच्या आत पुढचा पाईप येतो. पातळ तेल भरलं असतं, पण तो शॉकअप तोंडाशी दाबून बंद केलेला आहे, उघडत नाही. ओळीनं ढेकळं आली तर गाडी मागून जरा बसल्यासारखी वाटते. भाचीला ते कळत नाही, मला कळतं. तसंच सोडलंय.

मऊ गाडी वळणात जास्त कलते, म्हणून अ‍ॅक्सिलरेटरचा मर्यादा स्क्रू आत घेऊन वेग सायकलच्या आसपास ठेवला. मनगटाला बांधायच्या दोरीचा इंजिन बंद करणारा स्विच तुटलेला होता, तो बदलला. बागेच्या फाटकाबाहेर गाडी जाणार नाही हे ताईनं आधीच ठरवलं होतं.

राहिले दाजी. आता ते बसले तर मागच्या 100 मधले 58 मिमी बसण्यातच जातात. सांगितलं होतं, तरी एकदा मोटर बघायला म्हणून निघाले, पहिल्याच नाल्यात मागून ठाण्णकन आवाज आला आणि गाडी हातानं ढकलत परत आणली. काही तुटलं नव्हतं. मोटर बघायला ते आता पायी जातात. जुनी मागची स्प्रिंग आणि पुढची उजवी गोठ्यातल्या खुंटीला टांगलेल्या आहेत, पोर पन्नास किलोंची झाली की लागतील. कापलेली डावी मी वाळूजला आणली. नवीन पोरं शिकायला आली की त्यांच्या हातात देतो आणि विचारतो, ही मूळ स्प्रिंगपेक्षा मऊ की कडक? अजून एकानंही पहिल्या फटक्यात कडक म्हटलेलं नाही.